बैठी चाळ : सामाईक भिंतीची वास्तुरचना

ठाणे व कल्याण या नगरांतील गृहरचनेचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष प्रथम वाड्यांकडे जाते. कल्याणचा सुभेदार वाडा हे त्याचे परिचित उदाहरण होय. तथापि सामान्य कुटुंबाच्या निवाऱ्याचा इतिहास बैठ्या चाळीत अधिक स्पष्टपणे वाचता येतो. लोहमार्ग १८५३ साली ठाण्यास व १८५४ साली कल्याणास पोहोचला. मुंबईतील चाकरीवर उपजीविका करणारा वर्ग पुढे या मार्गालगत वसत गेला आणि डोंबिवलीपर्यंत अशा चाळी उभ्या राहिल्या.

एकमेकांस लागून बांधलेल्या घरांची ओळ ही कल्पना इतरत्रही आढळते. इंग्लंडमधील बाथ नगरातील रॉयल क्रेसेंट (१७६७-१७७४) ही तीस घरांची अर्धवर्तुळाकार ओळ प्रसिद्ध आहे. धाकट्या जॉन वुडने तेथे दर्शनी भाग एकसारखा ठेवला; त्यामागील घर मात्र घेणाऱ्याने आपल्या मताप्रमाणे बांधून घेतले. म्हणजे तेथे दर्शन सामाईक व घर स्वतंत्र. बैठ्या चाळीत छप्पर, पडवी, पुष्कळदा नळ व शौचकूपही सामाईक असतात. कुटुंबाचे स्वतःचे असे काय, तर बाहेरची खोली आणि तिच्यामागचे स्वयंपाकघर.

या रचनेमागे कोकणच्या पावसाचे गणित आहे. दोन शेजाऱ्यांमधील आडव्या भिंती वर त्रिकोणी चढवून त्यांवर आढे टेकविले जाते. आढे ओळीच्या लांबीने जात असल्यामुळे पाणी पुढे व मागे वळचणीस उतरते. दोन घरांच्या मध्ये पन्हळ ठेवावी लागत नाही. बाथच्या घरांप्रमाणे छपराच्या कडेस कठडा उभारला असता, तर येथे पाणी अडून राहिले असते. उजेड व वारा मात्र पुढच्या व मागच्या बाजूंनीच येत असल्याने घराची खोली मर्यादित राहते.

याच सामाईकपणात चाळीच्या ऱ्हासाचे बीज आहे. एक आडवी भिंत खचली की दोन संसारांवरील छप्पर झुकते. मुंबई राज्याच्या १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० चे भाडे प्रमाण मानले. भाडेकरूस त्यामुळे संरक्षण लाभले. पण गोठलेल्या भाड्यात दुरुस्ती करण्यास मालक उत्सुक राहिला नाही. आढे मालकाचे आणि गळती भाडेकरूची, अशी विभागणी झाली. १९९९ च्या कायद्याने वार्षिक ४ टक्के वाढीस मुभा दिली. परंतु मूळ रक्कमच अल्प असल्याने त्या वाढीतून छप्पर शाकारणे कठीणच होते.

बाथमधील एखादे घर त्याचा धनी स्वतंत्रपणे जतन करू शकतो. चाळीतील एक बिऱ्हाड तसे राखता येत नाही. ती टिकते अथवा पडते ती संपूर्ण ओळीने. म्हणून पुनर्विकासात चाळी नाहीशा होत असताना त्यांची नोंद करणाऱ्या अभ्यासकाने खोलीऐवजी ओळ हे एकक धरावे, आणि नकाशाबरोबरच भाडेपावत्या व रहिवाशांच्या आठवणीही संकलित कराव्यात. चाळीत काय कोणाचे होते, हे केवळ नकाशावरून कळणार नाही.