स्ट्रेन, द

अमेरिकन भयकथात्मक दूरचित्रवाणी मालिका. एफएक्स वाहिनीवर १३ जुलै २०१४ ते १७ सप्टेंबर २०१७ या काळात तिचे चार पर्वांत ४६ भाग प्रसारित झाले. मेक्सिकन दिग्दर्शक गिलेर्मो देल तोरो आणि अमेरिकन कादंबरीकार चक होगन यांच्या ‘द स्ट्रेन’ (२००९), ‘द फॉल’ (२०१०) व ‘द नाइट इटर्नल’ (२०११) या कादंबरीत्रयीवर ती बेतलेली आहे. खरे तर मालिकेची कल्पना आधीची. देल तोरो यांनी ती २००६ मध्ये फॉक्स वाहिनीपुढे ठेवली होती; वाहिनीला विनोदी मालिका हवी होती, म्हणून विषयाची आधी कादंबरी झाली. निर्मितीची सूत्रे कार्लटन क्यूस यांच्याकडे होती. व्हॅम्पायर म्हणजे शाप किंवा भूतबाधा नव्हे तर संसर्ग, हे मालिकेचे गृहीतक असल्यामुळे साथरोगांच्या सामाजिक इतिहासातही तिची दखल घ्यावी लागते.

कथानक : बर्लिनहून आलेले विमान न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर उतरते आणि धावपट्टीवरच निपचित उभे राहते. दिवे बंद, खिडक्यांच्या झडपा ओढलेल्या, वैमानिकाचा प्रतिसाद नाही. रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राचे (सीडीसी) डॉ. इफ्रेम गुडवेदर आणि डॉ. नोरा मार्टिनेझ संरक्षक पोशाख चढवून आत शिरतात, तेव्हा प्रवासी आपापल्या जागी मरून पडलेले दिसतात. जिवंत सापडतात ते फक्त चौघे. सामानाच्या कप्प्यात मातीने भरलेली एक प्रचंड नक्षीदार शवपेटी असते. ही पेटी विमानतळाबाहेर जाते ती पिशाचाच्या अचाट शक्तीने नव्हे. गुडवेदरचा सहकारी जिम केंट नाक्यावर एक व्हॅन न तपासता सोडून देतो. त्याच्या कर्करोगग्रस्त बायकोला उपचार मिळवून देण्याचे आमिष त्याला दाखवलेले असते. पुढच्या सगळ्या मरणांचे मूळ या एका सवलतीत आहे, आणि प्रस्तुत नोंदकाराच्या मते मालिकेतले सर्वांत अस्सल दृश्य हेच.

रोगाची रचना अशी : रक्तात वळवळणारे केसासारखे बारीक जंत विषाणू वाहून नेतात, रुग्णाचे केस व जननेंद्रिये गळून पडतात, घशात लांब नांगी वाढते. बाधित झालेला माणूस आधी आपल्या प्रियजनांकडे परततो. अॅन्सेल बार्बर हा वाचलेला प्रवासी हे ओळखून स्वतःला परसातल्या शेडमध्ये साखळीने बांधून घेतो. बायको मात्र त्याला सोडून जात नाही, उलट कटकट्या शेजाऱ्याला त्याच्या पुढ्यात ढकलते. नाझी छावणीतून वाचलेला वृद्ध गहाणदार एब्राहम सेट्राकियन (डेव्हिड ब्रॅडली) आणि महापालिकेचा उंदीरमार वसिली फेट (केव्हिन ड्युरँड) हे गुडवेदरचे (कोरी स्टॉल) साथीदार होतात. मरणाला भ्यायलेला धनाढ्य एल्ड्रिच पामर हा या साथीचा मानवी पाठीराखा. तिसऱ्या पर्वाच्या शेवटी अणुस्फोट होतो. चौथ्या पर्वात पिशाचांची राजवट व रक्त काढून घेण्याच्या छावण्या आहेत.

पूर्वपीठिका : पिशाचाच्या तपासाला साथरोगाचा अधिकारी पाठवणे ही मालिकेची नवलाई मानली जाते. तशी ती नाही. हॅब्सबर्ग साम्राज्याच्या ताब्यातील सर्बियात मेद्वेजा या गावी १७३१ च्या अखेरीस सहा आठवड्यांत तेरा माणसे दगावली, तेव्हा लष्करी प्रशासनाने आधी ग्लाझर नावाच्या वैद्याला धाडले. त्याचे पदच मुळी ‘संसर्गवैद्य’ असे होते. तुर्की हद्दीकडून प्लेग येऊ नये म्हणून साम्राज्याने सरहद्दीवर ठेवलेल्या आरोग्यव्यवस्थेचा तो माणूस. त्याला गावात कोणताही साथीचा रोग आढळला नाही. लोकांच्या कडक उपासांकडे त्याने बोट दाखवले. पण गावातली दोन-तीन कुटुंबे एका घरात गोळा होऊन पहारा देत झोपत होती, आणि पिशाचांचा बंदोबस्त न केल्यास गाव सोडण्याची भाषा करीत होती. तेव्हा लोकांच्या समाधानासाठी मागणी मान्य करावी, अशी शिफारस या शास्त्रवंताने वर पाठवली. जानेवारी १७३२ मध्ये लष्करी शल्यवैद्य योहान फ्ल्युकिंगर याने थडगी उकरून प्रेते तपासली. न कुजलेली प्रेते नोंदवणारा त्याचा अहवाल युरोपभर गाजला. पुढे १७५५ मध्ये सम्राज्ञी मारिया तेरेझाचा राजवैद्य गेरार्ड व्हान स्वीटन याने असे प्रकार अंधश्रद्धा ठरवले व थडगी उकरण्यावर बंदी आली.

अमेरिकेत हीच भीती क्षयाच्या रूपाने आली. ऱ्होड आयलंडमधील एक्झेटर येथे १८९२ मध्ये क्षयाने वारलेल्या मर्सी ब्राउन या तरुणीचे प्रेत बाहेर काढून काळीज जाळण्यात आले आणि ती राख पाण्यातून तिच्या आजारी भावाला पाजण्यात आली. तोही वाचला नाही. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवून तेव्हा दहा वर्षे झाली होती. एकाच घरातली माणसे एकामागून एक झिजत जातात हे निरीक्षण गावकऱ्यांचे बरोबर होते, चूक होती ती कारणाची. मालिकेतले ‘आधी प्रियजन’ हे सूत्र याच निरीक्षणातून आलेले दिसते. रेबीज किंवा पॉर्फिरिया या रोगांतून व्हॅम्पायरची कल्पना निघाली असे प्रतिपादन केले गेले आहे. ते सर्वमान्य नाही.

चित्रपटांत मुर्नाऊ यांच्या ‘नोस्फेराटू’ने (१९२२) पिशाचाबरोबर उंदीर व प्लेग बंदरात उतरवला. रिचर्ड मॅथेसन यांच्या ‘आय अॅम लेजंड’ (१९५४) या कादंबरीत व्हॅम्पायरपण हा जंतुजन्य रोग ठरला. देल तोरो यांच्या स्वतःच्या ‘मिमिक’मध्ये (१९९७) झुरळांवाटे पसरणारी बालरोगाची साथ आहे. ‘द स्ट्रेन’मध्ये भुयारांत पिशाचांचा वावर वाढल्याने उंदीर भरदिवसा रस्त्यावर येतात आणि धोका पहिल्यांदा उमगतो तो उंदीरमाराला. मुंबई-पुण्याकडे १८९६ नंतरच्या प्लेगात उंदीर पडू लागले की लोक घरे सोडून माळावर झोपड्या घालीत, हे मराठी वाचकाला इथे आठवेल. फरक इतकाच, की प्लेगाचा उंदीर मरायला बाहेर येतो, मालिकेतला पळून.

इबोलाची साथ : पहिले पर्व चालू असतानाच पश्चिम आफ्रिकेतील इबोलाची साथ वाढत होती. जागतिक आरोग्य संघटनेने ८ ऑगस्ट २०१४ रोजी आंतरराष्ट्रीय आरोग्य आणीबाणी जाहीर केली. लायबेरियातून डलासला आलेल्या एका प्रवाशाला इबोला झाल्याचे ३० सप्टेंबरला निश्चित झाले. त्याची शुश्रूषा करणाऱ्या दोन परिचारिकांना लागण झाली. मालिकेचे पहिले पर्व ५ ऑक्टोबरला संपले आणि ११ ऑक्टोबरपासून त्याच केनेडी विमानतळावर गिनी, लायबेरिया व सिएरा लिओन येथून येणाऱ्यांचा ताप मोजणे सुरू झाले. हा योगायोग होता. कथा पाच वर्षांपूर्वीच छापली गेली होती. साथ ओसरेपर्यंत २८,६०० हून अधिक लोकांना लागण झाली व ११,३०० हून अधिक दगावले.

मालिका व इबोला यांतील साम्य विमानतळाइतके वरवरचे नाही. इबोला पसरला तो रुग्णाची सेवा करणाऱ्यांत आणि प्रेताला अंघोळ घालणाऱ्यांत, म्हणजे जवळच्या माणसांत. भेद मात्र मोठा आहे. इबोलाची लक्षणे दिसायला २ ते २१ दिवस लागतात, म्हणून विमानात चढताना ताप नसलेला माणूस तपासणीतून सहज सुटतो. डलासचा प्रवासी असाच सुटला. मालिकेतली बाधा काही दिवसांत उघडी पडते. खरी साथ इतकी घाईत नसते, पण वाट पाहण्यात नाट्य नाही, आणि लेखकांना त्याचा दोष देता येणार नाही.

विलगीकरणाचा प्रश्न मालिकेने नेमका पकडला आहे. वाचलेल्यांपैकी एक जण वकील. दबाव येतो आणि वरिष्ठ अधिकारी त्यांना घरी सोडतात. अमेरिकेत संघराज्याला विलगीकरणाचा अधिकार १९४४ च्या सार्वजनिक आरोग्य सेवा कायद्याने दिला, पण तो राष्ट्राध्यक्षांच्या आदेशात नाव असलेल्या रोगांपुरताच : पटकी, घटसर्प, क्षय, प्लेग, देवी, पीतज्वर, रक्तस्रावी ताप इत्यादी. ओबामा यांनी ३१ जुलै २०१४ रोजी या यादीतील श्वसनरोगांची व्याख्या रुंदावली. नाव नसलेल्या रोगाचे काय करायचे, हा गुडवेदरपुढचा पेच म्हणून केवळ काल्पनिक नाही. सीडीसीतले त्याचे ‘कॅनरी’ पथक कल्पित आहे. त्याच्या जवळची खरी यंत्रणा म्हणजे सीडीसीची साथरोग गुप्तवार्ता सेवा. ती १९५१ मध्ये जैविक युद्धाच्या धास्तीतून निघाली. तिचे चिन्ह भोक पडलेला बुटाचा तळवा हे आहे : दारोदार फिरून माहिती गोळा करणाऱ्याचे. गुडवेदर मात्र लवकरच तलवार हाती घेतो आणि मालिका तिथे आरोग्यकथा राहत नाही.

माहितीबाबत मालिकेचा अंदाज उलटा निघाला. पामर एका हॅकरकरवी इंटरनेट कोलमडवतो, जेणेकरून साथीची बातमी फुटू नये. प्रत्यक्षात २०१४ मध्ये आणि कोविड-१९ च्या काळात अडचण झाली ती माहितीच्या पुराची. जागतिक आरोग्य संघटनेला फेब्रुवारी २०२० मध्ये त्याविरुद्ध वेगळा इशारा द्यावा लागला.

प्रतिसाद : डोळ्यातून जंत बाहेर येत असल्याचे चित्र असलेले जाहिरातफलक तक्रारींमुळे काही ठिकाणी बदलावे लागले. पहिल्या भागाचे दिग्दर्शन देल तोरो यांनीच केले. त्या भागात सेट्राकियनच्या भूमिकेसाठी आधी जॉन हर्ट यांची निवड झाली होती. नंतरच्या पर्वांविषयी समीक्षकांचे मत संमिश्र आहे.

चित्रीकरण टोरंटोत. संगीत : रामिन जवादी. याच कथेवर डार्क हॉर्सने चित्रकथाही प्रसिद्ध केल्या.