सांगकाम्या आणि डोंगरांतील शाळा

पुण्यांत सकाळीं नळ सोडला म्हणजे जें पाणी येतें, त्यांतला मोठा वांटा वेल्हे तालुक्यांतील पानशेतच्या धरणांत सांठलेला असतो. शेजारच्या भोर तालुक्यांत भाटघरचें धरण आहे. त्याचें पाणी नीरेच्या कालव्यांनीं बारामती, इंदापूर, फलटणकडे जातें आणि तेथें ऊंस पिकवितें. पाऊस पडतो डोंगरांत, पीक निघतें सपाटीवर. वेल्ह्यास आतां राजगड तालुका असें नांव मिळालें आहे. पण नांव बदलल्यानें पाण्याची वाट बदलत नाहीं. माणसांचेंही तसेंच झालें. या खोऱ्यांतील तरुण पोटासाठीं मुंबई-पुण्याची वाट धरीत आले आणि तेथें दुसऱ्यांनीं सांगितलेलीं कामें करीत राहिले. आज शाळेंत जी एक नवी विद्या येऊं घातली आहे, तिच्या बाबतींत तरी हा क्रम उलटावा, एवढ्याचसाठीं आजचें हें भाषण आहे.

ती विद्या म्हणजे संगणकास आज्ञा लिहून देण्याची. तिला प्रोग्रॅमिंग किंवा कोडिंग म्हणतात. मराठींत आज्ञावली हा चांगला शब्द रूढ झाला आहे. संगणक म्हटला म्हणजे कोणी अतिशहाणा प्राणी असावा अशी समजूत असते. वस्तुतः तो आपल्या गोष्टींतला सांगकाम्या आहे. सांगितलें तेवढें करील; न सांगितलेलें कांहीं करणार नाहीं; आणि चुकीचें सांगितलें तर तेंही निमूटपणें व अत्यंत वेगानें करील. तेव्हां शहाणपण यंत्रांत नसून सांगणाऱ्याच्या ठायीं असावें लागतें. प्रश्न इतकाच कीं, आमचीं मुलें या सांगकाम्याचे धनी होणार, कीं स्वतःच सांगकामीं राहणार?

हा प्रश्न आजचा नाहीं. मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आपल्या देशांतील शास्त्रज्ञांनीं टिफ्रॅक हा संगणक स्वतः घडविला व तो १९६० सालीं कामास लागला. त्या काळीं आज्ञा लिहिणें हें मूठभर शास्त्रज्ञांचें काम होतें. मुलाचा तेथें प्रवेश नव्हता. अमेरिकेंत १९६७ सालीं सीमोर पॅपर्ट, वॉली फोअरझीग व सिंथिया सॉलोमन यांनीं मुलांसाठीं लोगो नांवाची आज्ञाभाषा तयार केली. तींत पुढें एक कासव आलें. दहा पावलें पुढें चाल, काटकोनांत उजवीकडे वळ, हें चार वेळां कर, इतकें सांगितलें कीं कासव चौरस काढी. पॅपर्ट यांचें म्हणणें असें कीं, यंत्रानें मुलास शिकवूं नये, मुलानें यंत्रास शिकवावें. कारण दुसऱ्यास शिकवितांना आपण कसा विचार करतों हें मुलास प्रथमच उमगतें.

हा विचार आपल्या शाळांच्या दारापर्यंत आला तो १९८४-८५ सालीं. इंग्लंडांत बी. बी. सी. या नभोवाणी संस्थेनें जनतेस संगणक शिकविण्याची योजना आखली होती व १९८२ सालीं त्या विषयावर कार्यक्रम सुरू केले होते. त्यासाठीं एकॉर्न कंपनीनें केलेलें लहानसें यंत्र त्या संस्थेच्याच नांवानें प्रसिद्ध झालें. तेंच यंत्र घेऊन भारत सरकारनें ‘क्लास’ ही योजना देशांतील सुमारें २५० माध्यमिक शाळांतून सुरू केली. पुढें तिचा विस्तारही झाला. परंतु यंत्रें थोडीं, शिक्षकांची तयारी अल्प, आणि सारा व्यवहार इंग्रजींतून. त्यामुळें विद्या वर्गांत रुजली नाहीं.

त्यानंतरच्या काळांत एक चमत्कारिक गोष्ट घडली. पुण्यांत १९८८ सालीं सी-डॅक ही संस्था निघाली आणि १९९१ सालीं तिनें परम हा महासंगणक सिद्ध केला. म्हणजे ज्या जिल्ह्यांत भोर आणि वेल्हें आहेत, त्याच जिल्ह्यांत जगानें दखल घ्यावी असें यंत्र तयार झालें. शाळांत मात्र संगणकशिक्षण म्हणजे टंकलेखन, चित्रें रंगविणें आणि पडद्यावरील खुणा ओळखणें, असा अर्थ रूढ झाला. वापर शिकविला गेला. घडविणें शिकविलें गेलें नाहीं. वापर शिकणें वाईट नव्हे. पण मोटारींत बसतां येणें निराळें आणि मोटार दुरुस्त करतां येणें निराळें.

याच जिल्ह्याच्या पूर्वेस, शिरूर तालुक्यांतील पाबळ येथें, मात्र वेगळा प्रयत्न चालू होता. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं तेथें विज्ञान आश्रम स्थापिला. हातानें काम करीत शिकावें, गांवाची अडचण हाच धडा मानावा, ही त्यांची शिकवण. तेथें २००२ सालीं अमेरिकेंतील एम. आय. टी. या संस्थेच्या सहकार्यानें संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या हत्यारांची कार्यशाळा, म्हणजे फॅब लॅब, उभी राहिली. खेडें हें नव्या विद्येला अडथळा नसून तिची उत्तम कसोटी आहे, हें पाबळनें दाखविलें.

आतां कोणी म्हणेल, डोंगरांतल्या शाळेंत यंत्र कोठून आणावें? पावसाळ्यांत वीज जाते, वाडी दूर, वर्गांत मुलें थोडीं आणि गुरुजी एकच. याचें उत्तर असें कीं, आरंभास यंत्र लागतच नाहीं. संगणकशास्त्रज्ञांच्या एसीएम इंडिया या संस्थेनें २०१६ सालीं सीएसपाठशाला हा उपक्रम सुरू केला. त्याचा भर यंत्राविना विचारपद्धति शिकविण्यावर आहे. खडू, कागद आणि खेळ एवढें साहित्य पुरतें.

असा एक तास कल्पून पाहूं. गुरुजी एका मुलास सांगकाम्या करतात व दुसऱ्यास धनी. धन्यानें त्यास दारापासून फळ्यापर्यंत न्यावयाचें. पण ‘पुढें’, ‘डावीकडे’, ‘उजवीकडे’ आणि पावलांची संख्या याखेरीज शब्द वापरावयाचा नाहीं. पहिल्याच खेपेस सांगकाम्या भिंतीस जाऊन धडकतो व वर्ग हंसतो. गुरुजी हंसणाऱ्यांस विचारतात, ‘चूक कोणत्या आज्ञेंत झाली?’ बस्स, येथें विद्येस प्रारंभ झाला. चूक ही लाज नसून शोधून काढावयाची वस्तु आहे, हें मुलास कळलें.

पुढचा धडा शेतांतला. भोर-वेल्हें हा भाताचा मुलूख. खाचरांत रोपें लावतांना आपण काय करतों? मूठ सोड, रोप लाव, एक पाऊल मागें घे. मुठींतलीं रोपें संपेपर्यंत हेंच कर. संपलीं तर नवी मूठ घे. ‘अमुक होईपर्यंत’ आणि ‘अमुक झालें तर’ या दोन शब्दप्रयोगांवर जगांतील बहुतेक आज्ञावल्या उभ्या आहेत, आणि त्या घरांतील आई त्या दोन्हींत निष्णात आहे. तिसरा धडा हजेरीपटाचा. वर्णक्रमानें लिहिलेल्या हजार नांवांत एक नांव शोधावयाचें तर मधलें पान उघडावें, अर्धा पट सोडून द्यावा, उरलेल्याचें पुन्हा मधलें पाहावें. असें केल्यास फार तर दहा वेळां पाहून नांव सांपडतें. चौथा धडा राजगडाचा. पद्मावती, सुवेळा व संजीवनी या तीन माच्या आणि मध्यें बालेकिल्ला. चारही ठिकाणीं निरोप पोंचवून पद्मावतीवर परत यावयाचें, पण चाल कमींत कमी व्हावी. कागदावर नकाशा काढून मुलें हें कोडें सोडवितात, तेव्हां आजचे मार्ग शोधणारे संगणक ज्या तऱ्हेचा प्रश्न सोडवितात तोच प्रश्न तीं सोडवीत असतात.

इतकें झाल्यावर यंत्र आलें तर त्याचें भय राहत नाहीं. एम. आय. टी. नेंच २००७ सालीं प्रसिद्ध केलेली स्क्रॅच ही भाषा लहान ठोकळे जोडल्यासारखी जोडतां येते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणांतही सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगचे उपक्रम सुचविले आहेत. म्हणजे धोरण आहे, साधन आहे. उरतो तो शिक्षक आणि उरते ती भाषा.

येथें एका धोक्याची सूचना देणें अवश्य आहे. आमच्या जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाउणकी, दिडकी मुलें घोकीत. त्या पाठांतरानें व्यवहार सुलभ झाला, पण ‘असें कां?’ हा प्रश्न पुष्कळदां मागेंच राहिला. उद्यां आज्ञावलीही फळ्यावरून उतरून घेण्याची आणि परीक्षेंत ओकण्याची वस्तु झाली, तर सांगकाम्यास हुकूम देण्याच्या विद्येंतूनच आम्ही नवे सांगकामे तयार केले असें होईल. यासाठीं शिक्षकास पुरेसा वेळ द्यावा, चुकण्याची मोकळीक द्यावी, आणि पहिलें पाऊल मुलाच्या स्वतःच्या मराठींत पडूं द्यावें. इंग्रजी संज्ञा मागाहून येतील. आधीं विचार यावा.

शहरांतील श्रोतेहो, आपल्या घरांतील मुलांस हें शिक्षण मिळण्याच्या वाटा पुष्कळ आहेत. ज्या खोऱ्याचें पाणी आपण पितों, तेथील मुलास मात्र ती वाट शाळेवांचून दुसरी नाहीं. आपणांपैकीं पुष्कळ जण या विद्येवरच चरितार्थ चालवितात. त्यांनीं सुटीच्या दिवशीं राजगड-तोरणा चढून यावें, हें चांगलेंच. पण उतरतांना पायथ्याच्या शाळेंतील गुरुजींची गांठ घ्यावी आणि ‘आपल्या वर्गांत एक तास घेऊं कां?’ असें विचारावें. बरोबर यंत्र नसलें तरी चालेल. खडूचा एक तुकडा असला म्हणजे झालें.