चंद्रपूर-गडचिरोली जिल्ह्यांतील आरोग्य विमा आणि कौटुंबिक खर्चाचा भार : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
आजारपणाचा खर्च कुटुंबाने एकट्याने सोसावा की समाजाने वाटून घ्यावा, हा आधुनिक राज्यव्यवस्थेपुढील मूलभूत प्रश्न होय. अमेरिकेत हा भार प्रामुख्याने विमा हप्त्याच्या रूपाने जाणवतो. तेथे नोकरीतून मिळणाऱ्या कौटुंबिक विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता २०२४ मध्ये २५,५७२ डॉलर होता व त्यांपैकी ६,२९६ डॉलर कर्मचाऱ्यास भरावे लागत. चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत गरीब कुटुंबांचा हप्ता शासनाने उचलला. तरीही भार पूर्णतः सरला नाही. त्याची कारणे इतिहासात शोधावी लागतात.

विम्यापूर्वीचा कालखंड :
१९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याचे संरक्षण मुख्यतः कारखान्यांतील कामगारांना लाभले. धानशेती, मोहफुले आणि तेंदूपाने यांवर जगणारी कुटुंबे त्याबाहेर राहिली. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला. तत्पूर्वी १९७३ मध्ये बाबा आमटे यांनी हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला होता. १९८६ मध्ये डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी 'सर्च' संस्थेची स्थापना केली. या प्रयत्नांचे सूत्र विमा हे नव्हते, तर उपचार रुग्णाच्या जवळ नेणे हे होते.

विमा योजनांचा उदय :
२००३ च्या सार्वत्रिक आरोग्य विमा योजनेत व्यक्तीमागे दररोज एक रुपया हप्ता कल्पिलेला होता. परंतु या भागात रोख पैसा तेंदू हंगामात व धान विकल्यावरच हाती येतो. हिवताप मात्र पावसाळ्यात बळावतो. २ जुलै २०१२ रोजी सुरू झालेल्या राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेच्या पहिल्या टप्प्यातील आठ जिल्ह्यांत गडचिरोलीचा समावेश होता. पात्र कुटुंबास वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंत विनामूल्य उपचारांची हमी मिळाली. २०१७ मध्ये योजनेस महात्मा जोतिबा फुले यांचे नाव देण्यात आले. पुढे ही मर्यादा पाच लाख रुपये झाली.

अंतराचा खर्च :
मोठ्या शस्त्रक्रियेसाठी कर्ज काढण्याची वा जमीन गहाण टाकण्याची वेळ या योजनेने टाळता येऊ लागली, हे तिचे निर्विवाद श्रेय होय. मात्र तिची रचना रुग्णालयातील दाखल उपचारांभोवती होती. बाह्यरुग्ण तपासणी, नित्याची औषधे व हिवतापासारखे वारंवार येणारे आजार तिच्या कक्षेबाहेरच राहिले. २०१२ च्या योजनेत प्रवासखर्च होता, पण तो रुग्णालयातून घरी परतण्याच्या एस.टी. वा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाच्या भाड्यापुरता. रुग्णालय गाठण्याचा खर्च, सोबतच्या नातेवाइकाचे जेवण आणि बुडालेली मजुरी कुटुंबाच्याच माथी राहिली. पर्लकोटेला पूर आल्यावर भामरागडचा संपर्क तुटतो. अशा वेळी विमापत्र असूनही उपचार हाती लागत नाहीत.

समारोप :
भारतातील एकूण आरोग्य खर्चात कुटुंबांनी स्वतःच्या खिशातून केलेल्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट स्वागतार्ह आहे. तथापि, विमा रुग्णालयाचे देयक भागवतो, रुग्णालयापर्यंतचा रस्ता बांधत नाही. हेमलकसा व 'सर्च' यांनी विम्यापूर्वी दिलेला धडा म्हणूनच आजही कालबाह्य ठरत नाही. वनजिल्ह्यांत आर्थिक संरक्षण आणि उपचारांचे सान्निध्य यांची सांगड घातल्याशिवाय कुटुंबावरील भार खऱ्या अर्थाने हलका होणार नाही.