बेंगळुरूभोवतीचे मराठे: जहागिरीचे आणि स्वारीचे

बेंगळुरूच्या पोस्टिंगमध्ये रविवार मोकळा मिळाला की मी मोटारसायकल काढून शहराबाहेर पडत असे. अशाच एका रविवारी देवनहळ्ळीच्या किल्ल्यापाशी चहा घेत होतो. विमानतळामुळे हे गाव आता सर्वांना ठाऊक आहे, पण किल्ला जुना. 1501 मध्ये मल्लबैरेगौडाने तो बांधला, पुढे हैदरअलीने दगडी तटबंदी उभी केली. टिपू सुलतानचा जन्म इथलाच.

शेजारी एक म्हातारबाबा बसले होते. मोडक्यातोडक्या हिंदीत त्यांनी गाव विचारले. म्हणालो, "अज्जा, मी महाराष्ट्राचा." ते हसत म्हणाले, "म्हणजे मराठे. तुमचे लोक इथे पुष्कळ वेळा येऊन गेलेत सार, पाहुणे म्हणून नाही." बोलण्यात राग नव्हता. तरीही परतताना तेवढे एकच वाक्य डोक्यात होते.

मित्रांनो, आपल्या शाळेच्या पुस्तकात बेंगळुरू येते ते शहाजीराजांपुरते. 1636 मध्ये निजामशाही संपली आणि शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत गेले. 1638 मध्ये रणदुल्लाखानाबरोबर कर्नाटकाच्या मोहिमेत त्यांनी केंपेगौडांच्या वंशजाकडून बेंगळुरू घेतले. गौडा मागडीला गेले आणि बेंगळुरू राजांच्या जहागिरीत आले. होसकोटे, कोलार, दोड्डबळ्ळापूर आणि शिरे हे मुलूखही त्यांच्याकडे होते.

नकाशा उघडून ही नावे शोधा. पूर्वेला होसकोटे आणि त्यापुढे कोलार, उत्तरेला दोड्डबळ्ळापूर, वायव्येला शिरे. मधोमध बेंगळुरू. फौजी माणसाला लगेच कळते की शहराकडे येणाऱ्या वाटांवर ही ठाणी आहेत. आज तिथे कारखाने आणि अपार्टमेंट आहेत, पण वाटा बऱ्याचशा त्याच आहेत.

राजे इथे नुसते ठाणे धरून बसले नव्हते. जयराम पिंड्ये या कवीने त्यांच्या दरबाराचे वर्णन 'राधामाधवविलासचंपू'त केले आहे. तो ग्रंथ वि. का. राजवाडे यांनी प्रसिद्ध केला. 1664 मध्ये होदिगेरे येथे शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून राजांचा अंत झाला. त्यांच्या मागे एकोजीराजांनी इथला कारभार पाहिला. मल्लेश्वरम् भागात काडुमल्लेश्वराचे देऊळ आहे. तिथल्या 1669 च्या शिलालेखात एकोजींनी देवाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दिल्याची नोंद आहे. दगडासमोर उभे राहिलो तेव्हा अंगावर काटा आला. गावापासून इतक्या लांब आपल्या माणसाचे नाव, तेही देवाला काही दिल्याबद्दल!

एकोजी तंजावरला गेले आणि हे दूरचे ठाणे सांभाळणे परवडेना. म्हैसूरच्या चिक्कदेवरायाशी विक्रीचे बोलणे सुरू असतानाच 1687 मध्ये मोगल सरदार कासीमखानाने बेंगळुरू घेतले आणि तीन लाखांच्या बोलीवर म्हैसूरकरांच्याच हाती दिले. सुमारे पन्नास वर्षांची जहागीर तिथे संपली.

अज्जांचे मराठे हे नव्हेत. ते पुढच्या शतकातले, पेशव्यांच्या स्वाऱ्यांचे. 1759 मध्ये गोपाळराव पटवर्धनांच्या फौजेने बेंगळुरूला वेढा दिला. त्याच प्रसंगाने हैदरअलीचे नाव मोठे झाले. 1770 मध्ये माधवराव पेशव्यांच्या फौजेने तुमकुरूच्या रस्त्यावरचा निजगल किल्ला चित्रदुर्गच्या नायकाच्या मदतीने घेतला. मी त्या टेकडीवर चढलो आहे. पाठीवर वजन नसतानाही तो कातळ दम काढतो. चढून जाणाऱ्या शिपायाला माझा सलाम आहे.

पण प्रत्येक स्वारी म्हणजे खंडणी आणि घोड्यांची वैरण, आणि ती वैरण कोणाच्या तरी शेतातूनच आली. 1791 च्या मे महिन्यात श्रीरंगपट्टणहून उपाशी परतणाऱ्या कॉर्नवॉलिसच्या सैन्याला हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन भेटले. मराठ्यांच्या बाजारात धान्य भरपूर होते आणि इंग्रजांनी ते चढ्या भावाने घेतले. आपण हे पुरवठ्याचे कौशल्य म्हणून सांगतो आणि ते होतेही. मात्र त्याच वर्षी, इथून लांब पश्चिम घाटात, पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा शारदामठ लुटला. मठाच्या स्वामींना टिपूने मदत पाठवली. त्याची कानडी पत्रे 1916 मध्ये मठात सापडली.

पेंढारी हे फौजेचे नियमित शिपाई नव्हते, असे म्हणून आपण सुटतो. मी वीस वर्षे वर्दीत काढली आहेत. कॉलममध्ये जो कोणी चालतो, त्याच्या वागण्याचा जाब कमांडरलाच द्यावा लागतो. हा नियम आज जसा आहे तसाच तो 1791 मध्येही लागू होता. लुटलेल्या गावाने खरा शिपाई कोण आणि पेंढारी कोण याची चौकशी का करावी? त्याच्या दारात आली ती मराठ्यांची फौज.

एकाच मुलखात आपल्या दोन आठवणी आहेत. एकोजींचे नाव देवळाच्या दगडावर राहिले, कारण ते इथे राहिले आणि इथल्या लोकांचे त्यांनी काही लागत मानले. स्वारीवाले घेऊन निघून गेले, ते अज्जांच्या बोलण्यात राहिले. पहिल्याचा अभिमान बाळगायचा तर दुसऱ्याचा हिशोबही आपल्याच खात्यावर घ्यावा लागेल. काश्मीर असो की ईशान्येकडचे एखादे गाव, नवीन पोरांना गस्तीवर पाठवताना मी हेच सांगत आलो: शेतातून जाऊ नका, बांधावरून चला. गाव ते विसरत नाही.

बेंगळुरूला जाणार असाल तर आधी मल्लेश्वरम् चा तो दगड पाहा, मग देवनहळ्ळी. एखादा म्हातारा काही बोलला तर वाद घालू नका, त्याचे ऐकून घ्या. मी पुढच्या रविवारी पुन्हा गेलो होतो. अज्जांनी चहाचे पैसे देऊ दिले नाहीत.

जय हिंद.