मोबदला सातबाऱ्याला की घराला?

जंगल राखणाऱ्या खेड्यांना पैसे दिले की निसर्गही वाचतो आणि गरिबीही हटते, असे आज सर्रास सांगितले जाते. आम्ही विचारतो, हे पैसे कोणाच्या नावावर जमा होतात?

मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिकाने १९९६ मध्ये वनकायदा केला. १९९७ पासून इंधनावरच्या करातून जंगल राखणाऱ्या जमीनमालकांना मोबदला सुरू झाला. जगभर कौतुक झाले. पण सुरुवातीला मालकीचा कागद असल्याशिवाय पैसे मिळत नसत. बिनकागदाचे गरीब शेतकरी बाहेर राहिले, मोठ्या मालकांचे फावले. पुढे नियम सैल झाले. तरी आधी कागद, मग माणूस, ही रीत आपल्या चांगली ओळखीची आहे.

आपल्याच देशात त्याआधी वीस वर्षे वेगळे घडले होते. चंदीगडचा सुखना तलाव १९५८ मध्ये झाला आणि लवकरच गाळाने भरू लागला. गाळ येत होता शिवालिकच्या उघड्या टेकड्यांवरून. तिथे हरियाणातल्या सुखोमाजरीची गुरे, शेळ्या चरत. मृदसंधारण संस्थेचे पी. आर. मिश्रा यांनी १९७६ पासून तिथे मातीचे बंधारे घातले. पहिले पाणी शेतवाल्यांनाच मिळाले. मग बाकीच्यांनी चराई का सोडावी? तेव्हा ठरले की पाण्याचा वाटा घराला, जमिनीला नाही. भूमिहीनालाही समान वाटा, आणि तो विकायची मुभा. या वाट्यामुळे लोकांनीच चराई थांबवली. भाबर गवत वाढले, ते विकून गावच्या सोसायटीत पैसा आला. (सरकारने पुढे त्यावरही प्राप्तिकर लावला!)

पण भाबडेपणा नको. सुखोमाजरी हे बहुतांशी एकाच, गुज्जर समाजाचे गाव. आपल्याकडे वस्ती गावकुसाबाहेर आहे. तिथे समान वाटा सहजासहजी कोण देणार?

दादासाहेब गायकवाडांच्या हाकेवर १९५९ आणि १९६४ मध्ये आपले भूमिहीन लोक जमिनीसाठी तुरुंगात गेले. १४ एप्रिल १९९० पूर्वीची गायरान अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ चा आहे. तरी कित्येक कुटुंबांच्या हाती अजून सातबारा नाही. उद्या त्याच गायरानावर वृक्षलागवडीचा, कार्बनचा पैसा आला, तर आधी उठवले जातील ते हेच 'अतिक्रमक'. असा ठराव ग्रामसभेत आला, तर सही करण्याआधी साथींनो, वाटा कशावर ठरणार ते इतिवृत्तात लिहून घ्या.