चांगीच्या तुरुंगातील गोधड्या

गोधडी ही एकटीने शिवायची वस्तू नव्हे. जुनी लुगडी जमवायची, ओसरीवर पसरायची, चार कोपऱ्यांना चौघीजणी बसायच्या आणि सुईबरोबर तोंडही चालू ठेवायचे. घराघरातल्या बातम्या अशाच फिरत असत. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूरच्या चांगी तुरुंगात बायकांनी शिवलेल्या गोधड्यांची हकीकत वाचताना हे मनात आल्यावाचून राहत नाही. फरक एवढाच, की तिथे बातमी गप्पांतून न जाता गोधडीतूनच गेली.

१५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर जपान्यांच्या हाती पडले. लढणारे पुरुष युद्धकैदी झाले. युरोपीय बायका-मुलांना आधी कटाँग भागात कोंडले आणि ८ मार्चला तिथून चांगीपर्यंत उन्हातून चालवत नेले. चांगीचा तुरुंग १९३६ साली सुमारे सहाशे कैद्यांसाठी बांधलेला. त्यात हजारो नागरिक भरले, त्यात बायका-मुले चारशेच्या आसपास. नवरा, मुलगा, भाऊ जवळच्याच सेलारंग किंवा रॉबर्ट्स बरॅक्समध्ये असले तरी भेट नाही, चिठ्ठी नाही. तो जिवंत आहे की नाही हे हिला माहीत नाही, आणि हिचे काय झाले ते त्याला.

गोधडीची सुरुवात मात्र मुलींनी केली. तुरुंगातल्या वीसेक मुली, वय वर्षे आठ ते सोळा, एलिझाबेथ एनिस या बाईंच्या हाताखाली गर्ल गाइड म्हणून जमत. एनिसबाई परिचारिका. त्यांचे लग्न शहर पडण्याच्या चारच दिवस आधी इंडियन मेडिकल सर्व्हिसमधल्या एका डॉक्टरशी झालेले. त्यांच्या वाढदिवसासाठी मुलींनी गुपचूप षट्कोनी तुकड्यांची गोधडी करायला घेतली. कापड चिंध्यांचे, दोरा विटलेल्या कपड्यांचा उसवून काढलेला. ही गोधडी आज लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियममध्ये आहे.

तिच्यावरून कल्पना सुचली ती एथेल मुल्वेनी या कॅनडाच्या बाईंना. सिंगापुरात त्या रेडक्रॉसचे काम पाहत होत्या. त्यांनी प्रत्येकीला सहा इंचांचा पांढरा चौकोन दिला आणि सांगितले, यावर आपले स्वतःचे काहीतरी भरा आणि खाली नाव घाला. पीठ-साखरेच्या पिशव्या, जुने कपडे, जे हाती लागेल ते कामी आले. सहासष्ट चौकोनांची एक गोधडी, अशा तीन. एक जखमी ब्रिटिश सैनिकांसाठी, एक ऑस्ट्रेलियनांसाठी आणि तिसरी जखमी जपानी सैनिकांसाठी.

तिसरी कशाला, असे कुणीही विचारील. उत्तर व्यवहाराचे आहे. शत्रूच्या जखमींसाठीही भेट असली म्हणजे उरलेल्या दोन बाहेर जाऊ द्यायला पहारेकऱ्यांची हरकत उरत नाही. जपानी गोधडीवर बहुतेक फुले-पाने आणि नक्षी. मनातले फारसे काही नाही. इतर दोहोंत मात्र तुरुंगाची कोठडी आहे, घरी निघालेले जहाज आहे, विजयाचा व्ही आहे. शीला अ‍ॅलन ही सतरा वर्षांची मुलगी, बाप ऑस्ट्रेलियन. तिने ऑस्ट्रेलियाचा नकाशा काढून त्यात कांगारू भरला. आणि सगळ्यात मोलाचे म्हणजे नावे. इस्पितळात पांघरुणावर बायकोची सही दिसली की ती जिवंत आहे, एवढे कळायला पत्र लागत नाही.

मग हे दान की लबाडी? मला तर यात विरोध दिसत नाही. जखमी माणसाला गोधडी मिळाली हे खरे, आणि तिच्या टाक्यांत निरोप होता हेही तेवढेच खरे. आपल्याकडे लेकीला सासरी पाठवताना दिलेली गोधडी तरी निव्वळ पांघरूण असते का?

एक गोष्ट मात्र टोचते. १७ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूरच्या फेरर पार्कवर सुमारे पंचेचाळीस हजार भारतीय सैनिक जपान्यांच्या स्वाधीन करण्यात आले. जखमी त्यांच्यातही होते. या तीन गोधड्यांत त्यांच्या नावाची एकही नाही. बायकांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्याची त्याची सुई आपल्या माणसाकडेच वळणार. आपल्या शिपायांच्या बायका तुरुंगाच्या आत नव्हत्या, हजारो मैल दूर आपापल्या गावी वाट पाहत होत्या.

पुढे चांगीत दिवस आणखी वाईट आले. १० ऑक्टोबर १९४३ रोजी जपानी लष्करी पोलिसांनी धाड घातली, सत्तावन्न नागरिकांचा छळ केला, त्यातले पंधरा मेले. मे १९४४ मध्ये सगळ्यांना साइम रोडच्या छावणीत हलवले. भूक तर सतत होतीच. भुकेल्या बायका बसून एकमेकींना आवडत्या पदार्थांच्या कृती सांगत. सुटकेनंतर मुल्वेनीबाईंनी १९४६ साली त्या कृतींचे पुस्तक छापले आणि विक्रीचे पैसे इंग्लंडच्या इस्पितळांत पडून असलेल्या माजी युद्धकैद्यांसाठी खर्च केले.

ब्रिटिश गोधडी रेडक्रॉसकडे लंडनला गेली. ऑस्ट्रेलियन आणि जपानी या दोन्ही कॅनबेराच्या युद्धस्मारकात आहेत. ऑस्ट्रेलियन गोधडीच्या मागच्या बाजूला जखमींना उद्देशून सहानुभूतीचे शब्द भरले आहेत, युद्ध संपल्यावर ही रेडक्रॉसला द्यावी अशी विनंती आहे, आणि शेवटी एक सूचना: गोधडी ड्रायक्लीन केलेली बरी.