परमुलखातली कमाई आणि तिची हुंडणावळ



पैसा मिळवणे कठीण, हे कोणाला सांगावे लागत नाही. पण मिळवलेला पैसा आपली चूल जिथे पेटते तिथे पोचवणे हेही एक निराळे कष्टाचे काम आहे, आणि त्याचा इतिहास आमच्या पाठ्यपुस्तकांत आढळत नाही. स्वाऱ्यांची, तहांची आणि सनदांची टिपणे आहेत. खलाशाने, गिरणीकामगाराने, वेल्डरने घरी धाडलेल्या पैशातून वाटेत किती गळले याचे टिपण कोणी ठेवले? आम्ही कामगार चळवळीतली माणसे. पगारात शेकडा दोन-तीन वाढ मिळावी म्हणून महिनोन्‌महिने दारात उभे राहतो. तोच कामगार परदेशी गेला की घरी पैसे पाठवताना शेकडा पाच-सहा निमूटपणे देऊन मोकळा होतो, आणि ती पगारकपात आहे असे कोणालाच वाटत नाही. म्हणून आज हा विषय आम्ही निवडला आहे.

आपल्या देशात दूरवर पैसे पाठवण्याचे जुने साधन म्हणजे हुंडी. एका गावच्या पेढीवर रक्कम भरायची, पेढीवाल्याने चिठ्ठी लिहून द्यायची आणि दुसऱ्या गावच्या आडत्याने ती पाहून पैसे मोजायचे. दाखवताच पैसे मिळाले तर ती दर्शनी हुंडी, ठरल्या दिवसांनी मिळाले तर मुदती. आणि पत असलेल्या माणसाच्याच हाती पैसे पडावेत अशी अट असली तर ती शहाजोग. या कामाबद्दल पेढी जे घेई ती हुंडणावळ. १८८१ साली इंग्रज सरकारने परक्राम्य दस्तऐवजांचा कायदा केला, तेव्हा देशी भाषांतील हुंड्यांच्या चालीरीती त्याने जागच्या जागी राहू दिल्या, इतकी ही पद्धत रुजलेली होती. मात्र हुंडी हे व्यापाऱ्याचे साधन होते. ज्याची बाजारात पत त्याची हुंडी. पाच-दहा रुपये घरी धाडणाऱ्या मजुराला पेढीची पायरी चढण्याचे कारणच नव्हते. तो गाववाल्याच्या हाती पैसे देई आणि देवावर हवाला ठेवी.

ही अडचण दूर केली ती पोस्टाने. १ जानेवारी १८८० पासून मनीऑर्डरचे काम पोस्टखात्याकडे आले. त्याआधी ते सरकारी खजिन्यांतून होत असे, आणि खजिना म्हणजे जिल्ह्याचे ठिकाण. पोस्ट खेड्यापर्यंत गेले होते. मुंबईच्या गिरणीतल्या चाकरमान्याने पगाराच्या दिवशी खिडकीवर रक्कम भरावी आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या वाडीवर पोस्टमनने ती उंबऱ्यावर मोजून द्यावी, अंगठा घ्यावा, आणि फॉर्मच्या तळाशी लिहिलेल्या दोन ओळीही वाचून दाखवाव्यात, अशी ही सोय होती. कोकणाला मनीऑर्डरवर जगणारा मुलूख म्हणू लागले ते उगीच नव्हे. ही सेवा फार स्वस्त होती असे मात्र नाही. शेवटच्या काळात वीस रुपयांमागे एक रुपया, म्हणजे शेकडा पाच, असा तिचा दर होता. १ एप्रिल २०१५ पासून जुन्या पद्धतीची मनीऑर्डर बंद झाली. पण तिने एक गोष्ट शिकवली. दर छापील असावा, तो सर्वांना सारखा असावा आणि हाती पावती असावी.

हा धडा दुसऱ्या देशांनाही गिरवावा लागला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इटलीतून लक्षावधी गरीब शेतकरी अमेरिकेत मजुरीला गेले. त्यांना इंग्रजी येत नव्हते आणि मोठ्या बँकांत त्यांना कोणी विचारत नव्हते. मग त्यांच्याच वस्तीतला वाणी, जहाजाची तिकिटे विकणारा किंवा मजूर पुरवणारा दलाल त्यांचा सावकार होई. तो दर मनचाहा लावी, आणि काहींनी तर ठेवी घेऊन पोबाराही केला. तेव्हा इटलीच्या सरकारने १९०१ साली कायदा करून स्थलांतरितांची बचत मायदेशी आणण्याचे काम बँको दि नापोली या सार्वजनिक स्वरूपाच्या बँकेकडे सोपवले. खाजगी दलाल त्यामुळे नाहीसे झाले नाहीत. पण मजुरापुढे दुसरी, भरवशाची वाट उभी राहिली. महागडा मार्ग माणसाच्या अगतिकतेवर जगतो, आणि दुसरी वाट दिसताच ती अगतिकता निम्मी होते.

आता आपण आखाताकडे वळू, कारण आपल्या माणसांचा मोठा प्रवाह तिकडे गेला आहे. आजच्या तरुणांना नवल वाटेल, पण एके काळी आखातातल्या अनेक संस्थानांत आपला रुपयाच चालत असे. सोन्याच्या चोरट्या व्यापारामुळे १९५९ साली तिथल्यासाठी निराळ्या नोटा काढाव्या लागल्या. कुवेतने १९६१ साली, बहारीनने १९६५ साली आपले चलन सुरू केले, आणि जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन होताच कतार व आजच्या अमिरातींनीही रुपया सोडला. रुपया गेला आणि कामगाराच्या घामावर एक नवी हुंडणावळ बसली, ती म्हणजे चलन बदलण्याची.

१९७३ साली तेलाचे भाव भडकले. वाळवंटात रस्ते, बंदरे, इमारती उभ्या राहू लागल्या. केरळातून आणि आपल्या रत्नागिरी-रायगडातूनही गवंडी, फिटर, चालक तिकडे निघाले. त्याच १९७३ साली आपल्याकडे परकीय चलनाच्या नियमनाचा कडक कायदा झाला. कामगाराने तिथल्या दुकानातून ड्राफ्ट घ्यावा, तो टपालाने यावा, तालुक्याच्या बँकेत भरावा आणि तो वटण्याची घरच्यांनी आठवडेच्या आठवडे वाट पाहावी, हा सरळ मार्ग. दुसरा मार्ग हवाल्याचा. तिथे रियाल दिले की इथे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी रुपये पोचत. कागद नाही, सही नाही, आणि भाव सरकारी भावापेक्षा चढा. दोन्हीकडच्या दलालांचा हिशेब पुढे मालाने किंवा सोन्याने फिटे. हवाला बेकायदेशीर होता आणि आहे. पैसे बुडाले तर दाद मागायला जागा नसते. पण रात्रंदिवस राबणारा निरक्षर माणूस तिकडे का वळला, याचा विचार न करता त्याला नुसते देशद्रोही ठरवणे आम्हांला कधी पटले नाही.

पुढे काय झाले ते पाहा. १९९० साली सोन्याच्या नियंत्रणाचा कायदा रद्द झाला. मार्च १९९२ मध्ये परकीय चलनाचा मोठा भाग बाजारभावाने विकण्याची मुभा मिळाली आणि मार्च १९९३ मध्ये दोन भाव जाऊन एकच बाजारभाव राहिला. चढ्या भावाचे आमिष आटले आणि पैसा पुष्कळ अंशी बँकांच्या वाटेने येऊ लागला. छाप्यांनी जे साधले नव्हते ते रास्त भावाने बरेचसे साधले.

पैसा वेळेवर घरी पोचणे का महत्त्वाचे, हे ऑगस्ट १९९० मध्ये कुवेतने दाखवले. इराकने कुवेत गिळला, तिथले चलन रद्द केले. दीड लाखाहून अधिक भारतीयांना विमानांनी मायदेशी आणावे लागले. ज्यांची बचत घरी पोचली होती त्यांच्या हाती काही राहिले. ज्यांची तिथेच अडकली त्यांनी अंगावरच्या कपड्यांनिशी घर गाठले.

आज तारा आणि दूरध्वनी यांनी पैसा क्षणात पोचतो. मग तो फुकट का पोचत नाही? त्यात दोन गाळण्या आहेत. पहिली उघड शुल्काची, दुसरी भावातल्या कसरीची. उदाहरणादाखल हिशेब मांडू. समजा, कामगाराने १,००० रियाल पाठवले, २० रियाल शुल्क भरले. बाजारात रियालचा भाव २२ रुपये, दुकानाने दिला साडेएकवीस. शुल्काचे ४४० रुपये त्याला दिसले. भावात गेलेले ५०० रुपये दिसलेच नाहीत. ‘शुल्क माफ’ अशी पाटी लावणारा ही दुसरी गाळणीच मोठी करतो. शिवाय शुल्क ठरावीक असले तर थोडे पाठवणाऱ्याला ते जास्त जाचते. आणि पैसा एका बँकेतून दुसऱ्या, तिसऱ्या बँकेमार्फत आला तर प्रत्येक जण आपला वाटा काढून घेतो.

जागतिक बँक या खर्चाची नोंद ठेवते. २०० डॉलर पाठवण्याचा जगातला सरासरी खर्च २००९ साली शेकडा दहाच्या घरात होता. त्या वर्षी आठ बड्या राष्ट्रांनी पाच वर्षांत तो पाचांवर आणण्याचे वचन दिले. ते पाळले गेले नाही. २०२४ सालीही तो साडेसहाच्या आसपास होता. साडेसहा टक्के म्हणजे वर्षाच्या पाठवणीतले जवळजवळ चोवीस दिवसांचे पैसे! बँकांचा मार्ग सरासरीने सर्वांत महाग, फोनवरून पाठवण्याचा त्या मानाने स्वस्त. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली ठरवले की २०३० पर्यंत हा खर्च तीन टक्क्यांखाली आणायचा. उलट अमेरिकेने २०२५ साली कायदा करून रोखीने परदेशी धाडलेल्या पैशावर १ जानेवारी २०२६ पासून एक टक्का कर बसवला. रोखीने कोण पाठवतो? ज्याचे बँकेत खाते नाही तो.

तरीही हे बदलता येते, याचा पुरावा आहे. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी भारताची यूपीआय आणि सिंगापूरची पेनाऊ या दोन सार्वजनिक व्यवस्था जोडल्या गेल्या, आणि नुसत्या फोनक्रमांकावर पैसे धाडणे शक्य झाले. १८८० सालच्या पोस्टाच्या खिडकीचीच ही नात आहे असे आम्ही समजतो. अशी जोडणी आखाताच्या प्रत्येक देशाशी व्हावी, ही मागणी कामगारांनी केली पाहिजे. २०२४ साली भारतात परदेशातून सुमारे १२९ अब्ज डॉलर आले, जगात सर्वांत जास्त. ज्यांच्या कष्टाने ते आले त्यांना ही मागणी करण्याचा अधिकार नाही तर कोणाला?

सौदी अरेबियात आणि अमिरातींत कामगारसंघ काढण्याची मुभा नाही. म्हणून हे काम इथूनच केले पाहिजे. आमच्या कचेरीत परदेशी निघालेला माणूस आला की आम्ही त्याला चार गोष्टी सांगतो. शुल्क विचारू नकोस, ‘घरी नेमके किती रुपये पोचतील?’ एवढेच दोन-तीन ठिकाणी विचार आणि मग निवड. दर आठवड्याला थोडेथोडे न पाठवता शक्य तर महिन्याचे एकदम पाठव. पावतीवाचून एक दमडीही कोणाच्या हाती देऊ नकोस. आणि निघण्याआधी बायकोच्या स्वतःच्या नावाने बँकेत खाते उघड. ही शेवटची गोष्ट ऐकून काही जण हसतात. पण ज्या घरी तिच्या हाती पैसा पोचतो त्या घरी पोरांची शाळा सहसा सुटत नाही, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

सारांश, पैसा घरी पोचवण्याची वाट स्वस्त झाली ती कोणाच्या दयेने नव्हे. जिथे सर्वांसाठी खुली खिडकी उघडली, दर उघडा झाला आणि भाव रास्त मिळाला तिथेच ती स्वस्त झाली. परमुलखात कमावलेल्या रुपयाचे सोळाही आणे घरी पोचावेत, हा मजुरीचाच प्रश्न आहे. आणि मजुरीच्या प्रश्नासारखाच तो संघटित होऊन सोडवावा लागेल.